एकच रस्ता, अनेक पद्धती : रस्त्याच्या थरांची जाडी ठरवताना तुलना कशी करावी

रस्त्याचे थर किती जाड असावेत हे काढण्याच्या पद्धती आपल्याला बहुधा तक्त्यातून शिकवल्या जातात. एका रकान्यात अनुभवाधारित पद्धती, दुसऱ्यात यांत्रिक, आणि खाली दोन्हींचे गुणदोष. परीक्षेला तेवढे पुरते. हातात खरा प्रस्ताव आला की प्रश्न वेगळा असतो: इथे डांबरी थर १२० मिमी घालायचा की १५०, की सरळ काँक्रीट करायचे? याचे उत्तर मिळवायचे तर एकच रस्ता घेऊन तो प्रत्येक पद्धतीतून काढून पाहावा लागतो. आकडे शेजारी शेजारी ठेवले की कोणती पद्धत कशाला घाबरते ते कळते, आणि ते कळणे हाच तुलनेचा खरा उपयोग आहे.

उदाहरण म्हणून मराठवाड्यातल्या काळ्या मातीवरचा दोनपदरी राज्यमार्ग घेऊ. प्रदेश सपाट, रस्ता खुला होईल त्या वर्षी दोन्ही दिशा मिळून दिवसाला ६०० जड वाहने, वार्षिक वाढ ५ टक्के, आयुष्य २० वर्षे. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. आपल्या रस्त्याचे आकडे घालून हाच हिशोब करता येईल.

आधी पद्धतींची मुळे

सीबीआर (कॅलिफोर्निया बेअरिंग रेशो) म्हणजे माती भार किती सोसते ते सांगणारा आकडा; त्यावरची पद्धत १९२०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियाच्या महामार्ग खात्यात ओ. जे. पोर्टर यांनी मांडली. तिचा प्रश्न साधा आहे: खालची माती इतकी कच्ची असेल, तर चाकाचा भार तिच्यापर्यंत पोहोचण्याआधी किती जाडीतून पसरला पाहिजे? आपल्याकडे १९७० साली आलेली आयआरसी:३७, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसची डांबरी रस्त्यांची मार्गदर्शिका, याच पायावर उभी होती आणि जाडी दिवसाच्या वाहनसंख्येवरून वाचली जात असे. १९८४ च्या आवृत्तीत वाहनांची जागा एमएसएने, म्हणजे दशलक्ष प्रमाण ॲक्सलने (ठरावीक भाराच्या ॲक्सलच्या फेऱ्यांनी) घेतली.

आशटो या अमेरिकी महामार्ग अधिकाऱ्यांच्या संघटनेची पद्धत तिथल्या इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात झालेल्या मोठ्या चाचणीतून निघाली. तिथे वेगवेगळ्या जाडीचे रस्ते बांधून त्यांवरून ट्रक फिरवले. सुमारे ११ लाख ॲक्सल गेल्यावर कुठला रस्ता किती खराब झाला, याचे समीकरण बसवले. ॲक्सलचा भार वाढला की नुकसान साधारण त्याच्या चौथ्या घाताने वाढते, हा नियम याच चाचणीची देणगी. मर्यादाही तिथलीच: माती एकाच जातीची आणि हवामान एकच, हिवाळ्यात जमीन गोठून वसंतात वितळणारे. आपल्या मुलखात जमीन गोठत नाही; इथे ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते.

तिसरी पद्धत यांत्रिक-अनुभवाधारित. रस्ता म्हणजे एकावर एक रचलेले लवचीक थर मानून चाकाखाली कुठे किती स्ट्रेन (लांबीच्या प्रमाणात होणारे ताणणे किंवा दबणे) येतो ते काढायचे, आणि तेवढ्या स्ट्रेनला किती ॲक्सल सोसतील याचे समीकरण अनुभवावरून घ्यायचे. आयआरसी:३७ ची २००१ ची आवृत्ती या वाटेवर आली, २०१२ ने ती रुंद केली आणि २०१८ ची आवृत्ती आज चालू आहे. तिच्यासोबतचा आयआयटीपेव्ह हा प्रोग्राम खरगपूरच्या आयआयटीत तयार झाला.

काँक्रीटची वाट स्वतंत्र आहे. आयआरसी:५८ या काँक्रीट रस्त्यांच्या मार्गदर्शिकेची २०१५ ची आवृत्ती तिथे चालते. तिच्याकडे शेवटी येऊ.

पहिली पायरी : वाहने मोजण्याआधी ॲक्सल तोला

माझ्या मते निम्मी संरचना याच पायरीत ठरते. सूत्र सगळ्यांना पाठ असते: ३६५ गुणिले वाढीचा गुणक, गुणिले सुरुवातीची जड वाहने, गुणिले पदरविभागणी, गुणिले वाहनाचा नुकसान-गुणांक, म्हणजे व्हीडीएफ. ५ टक्के वाढ आणि २० वर्षांना वाढीचा गुणक ३३.०७ येतो. दोनपदरी रस्त्याला दोन्ही दिशांच्या एकूण वाहनांपैकी निम्मी धरायची. व्हीडीएफ मोजलेला नसेल तर २०१८ ची आयआरसी:३७ सपाट प्रदेशात दिवसाला १५० ते १५०० जड वाहनांसाठी ३.९ सुचवते. सगळे गुणले की १ कोटी ४१ लाख प्रमाण ॲक्सल होतात, म्हणजे १४.१ एमएसए.

तो ३.९ मात्र सूचक आकडा आहे. या रस्त्यावर साखर कारखाना असेल, वाळूची किंवा खडीची वाहतूक असेल, तर खरा गुणांक ६ निघू शकतो. मग त्याच ६०० वाहनांचे २१.७ एमएसए होतात. याचा अर्थ असा, की १४.१ साठी बांधलेला रस्ता २० ऐवजी साधारण १५ वर्षांत आपले आयुष्य संपवेल.

कायदेशीर भारही आता पूर्वीचा राहिलेला नाही. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने चार टायरांच्या एकेरी ॲक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. प्रमाण ॲक्सल ८० किलोन्यूटनचा, म्हणजे सुमारे ८.१६ टनांचा. चौथ्या घाताने पाहिले तर जुन्या मर्यादेचा ॲक्सल २.४५ प्रमाण ॲक्सलइतके नुकसान करत असे. नव्या मर्यादेचा जवळजवळ ४ इतके करतो. एकही नियम न मोडता नुकसान ६० टक्के वाढले. जुन्या अहवालातला व्हीडीएफ उचलून नव्या प्रस्तावात चिकटवू नये, ते यासाठी.

सर्वेक्षणाची वेळ नीट निवडा. उसाच्या पट्ट्यात गाळप दिवाळीच्या आसपास सुरू होते आणि पुढे काही महिने चालते. जून-जुलैत मोजलेल्या आकड्यांत ऊसवाहतूक दिसणारच नाही. मोजणी सलग ७ दिवस, २४ तास करा. ॲक्सल तोलताना, दिवसाला ३००० पेक्षा कमी जड वाहने असतील तर त्यांतली निदान २० टक्के तोलली जायला हवीत. दोन दिशांचे व्हीडीएफ वेगळे काढा. कारखान्याकडे भरून जाणारी बाजू आणि रिकामी परतणारी बाजू यांची सरासरी काढली तर भरल्या बाजूवर अन्याय होतो. एकेरी टायरच्या ॲक्सलला ८० नव्हे, ६५ किलोन्यूटन हा प्रमाण भार लागतो हेही विसरू नका. अनेक ट्रॉल्या तशाच असतात.

दुसरी पायरी : काळ्या मातीवर काय धरायचे

भिजवून चाचणी केली की काळ्या मातीचा सीबीआर २ ते ३ च्या घरात येतो. आपण २.५ धरू. रस्त्याच्या खालचा ५०० मिमीचा सबग्रेड मात्र आपण बाहेरून आणलेल्या मुरमाचा करणार, सीबीआर १०. मग हिशोबात १० घ्यायचे की २.५?

दोन्ही चूक. २०१८ च्या पद्धतीत मुरूम आणि त्याखालची माती असे दोन थर धरून चाकाखाली पृष्ठभाग किती दबतो ते काढतात, आणि तेवढाच दबणारा एकसंध पाया कोणता ते पाहतात. सीबीआर ५ पर्यंत मॉड्युलस (थराचा ताठपणा) म्हणजे सीबीआरच्या १० पट, म्हणून काळ्या मातीचा २५ मेगापास्कल. ५ च्या वर १७.६ गुणिले सीबीआरचा ०.६४ वा घात, म्हणून मुरमाचा सुमारे ७७. हिशोब केला तर एकत्रित पाया ५५-५७ मेगापास्कलचा, म्हणजे परिणामी सीबीआर सुमारे ६. पुढे सगळीकडे हाच ६ धरू.

एका नमुन्यावर थांबू नका आणि नमुन्यांची सरासरीही काढू नका. सरासरी सीबीआर धरला तर ढोबळ मानाने निम्मा रस्ता त्याहून कच्च्या मातीवर असतो. २० एमएसए किंवा जास्त वाहतुकीला ९० टक्के नमुने ज्याच्या इतके किंवा वर आहेत तो आकडा घ्या, त्याखाली ८० टक्के. माती बदलते तिथे रस्त्याचे तुकडे पाडा. जिथे माती खूप फुगणारी आहे तिथे जाडीच्या हिशोबाने काही साधत नाही, ०.६ ते १ मीटर न फुगणाऱ्या चिकण मातीची गादी हा तिथला जुना, खात्रीचा उपाय आहे. आणि मुरूम काळ्या मातीत खड्डा करून भरला असेल तर त्यात शिरलेले पाणी बाहेर जाणार कुठून, हे आडव्या छेदात दाखवलेले असले पाहिजे.

तिसरी पायरी : जुन्या तक्त्याने काढा

२००१ च्या आवृत्तीत ६ सीबीआरला १० एमएसएसाठी एकूण ६१५ मिमी आणि २० एमएसएसाठी ६४० मिमी जाडी आहे. आपल्या १४.१ साठी मधला आकडा काढला तर सुमारे ६२५: बीसी (वरचा डांबरी थर) ४०, डीबीएम (त्याखालचा डांबरी थर) ७५, बेस (खडीचा थर) २५०, जीएसबी (सर्वांत खालचा, निचरा करणारा खडीचा थर) २६०. म्हणजे डांबरी थर ११५ मिमी.

पाच मिनिटांत उत्तर मिळते, म्हणून ते पडताळणीला चांगले. नव्या पद्धतीचे उत्तर याच्या निम्मे किंवा दुप्पट आले तर कुठेतरी आकडा चुकला आहे असे समजावे. पण त्यावर निविदा काढू नये. या तक्त्यामागची समीकरणे ८० टक्के विश्वसनीयतेची, म्हणजे रस्ता ठरलेले आयुष्य पुरे करण्याच्या ८० टक्के खात्रीची आहेत.

चौथी पायरी : २०१८ च्या पद्धतीने

इथे दोन प्रश्न विचारायचे. डांबरी थराच्या तळाशी आडवा, ताणणारा स्ट्रेन किती येतो? तो जास्त असेल तर तळातून तडे येतात. सबग्रेडच्या माथ्यावर उभा, दाबणारा स्ट्रेन किती येतो? तो जास्त असेल तर चाकोऱ्या पडतात. राज्यमार्गाला ९० टक्के विश्वसनीयता धरायची.

थर घालू: डब्ल्यूएमएम (बेससाठी पाणी घालून दाबलेली खडी) २५०, जीएसबी २००, मिळून ४५० मिमी खडी. तिचा मॉड्युलस खालच्या पायावर अवलंबून असतो: मिमीमधल्या जाडीचा ०.४५ वा घात, गुणिले ०.२, गुणिले पायाचा मॉड्युलस. ५५.४ च्या पायावर तो १७३ मेगापास्कल येतो. हे सूत्र मला फार महत्त्वाचे वाटते, कारण त्यात एक जमिनीवरचे सत्य आहे: कच्च्या मातीवर उत्तम खडी पसरली तरी ती खडी कच्चीच वागते.

आता परवानगी किती ते पाहू. १४.१ एमएसएला सबग्रेडवर ४९१ मायक्रोस्ट्रेन (स्ट्रेनचे दशलक्षांश) चालतात. डांबराच्या तळाशी, व्हीजी-४० या घट्ट जातीचे डांबर, ३५ अंशांना ३००० मेगापास्कल, मिश्रणात ४ टक्के हवा आणि ११ टक्के परिणामी (खडीत न शोषले गेलेले) डांबर धरले, तर २२४ मायक्रोस्ट्रेन.

मी हाताने, थरांचे समतुल्य रूपांतर करून काढलेला हिशोब असा: डांबरी थर १२० मिमी ठेवला तर तळाशी सुमारे २७० येतात, म्हणजे नापास. १४० ला २२८, थोडक्यात नापास. १५० ला २०९, पास. मग बीसी ४० आणि डीबीएम ११०. चाकोऱ्यांची मर्यादा इथे दूरच राहते. तड्यांचा निकष जाडी ठरवतो. अंतिम आकडे आयआयटीपेव्हमधून काढा, पण असा हातचा हिशोब आधी करून ठेवला की प्रोग्राममध्ये शून्य जास्त पडले तर लगेच ध्यानात येते.

तीन गोष्टी बदलून पाहा. व्हीजी-४० ऐवजी व्हीजी-३० घेतले तर मॉड्युलस २००० होतो आणि थर सुमारे १७० मिमी लागतो. डांबराची जात बदलल्याने २० मिमीचा फरक. व्हीडीएफ ६ निघाला, म्हणजे २१.७ एमएसए, तर परवानगी २०० वर येते आणि व्हीजी-४० चे १५० ऐवजी साधारण १५५ ते १६० मिमी लागतात. रस्ता बांधतानाच ५ ते १० मिमी जास्त घातले तर पाच वर्षांचे आयुष्य हाती लागते, आणि ते न घालण्याचे कारण केवळ ॲक्सल तोलले नाहीत एवढेच असते. तिसरा बदल मिश्रणाचा: हवा कमी आणि डांबर थोडे जास्त असलेला तळाचा डीबीएम तड्यांना लक्षणीय जास्त टिकतो. समीकरणात त्याचा गुणक थेट दिसतो. पण साइटवर हवेचे प्रमाण ४ ऐवजी ७ टक्के राहिले, तर कागदावरची १५० मिमी तुम्हाला मिळालेलीच नाही.

पाचवी पायरी : आशटो १९९३ ने पडताळा

तीच वाहतूक, ९० टक्के विश्वसनीयता, प्रमाणित चूक ०.४५, सेवाक्षमता (रस्ता चालवायला किती चांगला याचे ५ पैकी गुण) ४.२ वरून २.५ पर्यंत घसरू द्यायची, पायाचा मॉड्युलस सुमारे ८००० पीएसआय, म्हणजे आपलेच ५५ मेगापास्कल. समीकरण सोडवले की संरचना अंक ५.१ च्या आसपास येतो. आता प्रत्येक थर आपली जाडी गुणिले थराचा गुणांक एवढा वाटा उचलतो: डांबर इंचाला ०.४४, बेस ०.१४, जीएसबी ०.११. आपली २५० आणि २०० मिमीची खडी २.२४ देते. उरलेल्या २.८५ साठी डांबर साडेसहा इंच, म्हणजे १६५ मिमी.

आयआरसीचे १५० आणि आशटोचे १६५. दोन वेगळ्या देशांत, वेगळ्या तत्त्वांवर उभ्या पद्धती १५ मिमीच्या फरकावर येऊन भेटतात. थर आणि भार नीट दिले तर पद्धतीची निवड आपण समजतो तेवढी निर्णायक नसते.

आशटोत मात्र एक गोष्ट आहे जी आयआरसीच्या समीकरणांत दिसत नाही: निचऱ्याचा गुणांक. वर आपण तो १ धरला. आता समजा साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच आहे, जीएसबी गटारापर्यंत न्यायची राहिली आहे आणि पावसाळ्यात पाणी थरातच उभे राहते. गुणांक ०.८ करा. खडीचा वाटा २.२४ वरून १.८ वर येतो आणि डांबर १९० मिमी लागते. पाणी बाहेर न काढण्याची किंमत २५ मिमी डांबर, रस्त्याच्या पूर्ण लांबी-रुंदीवर! जीएसबी पूर्ण रुंदीत बाजूच्या उतारापर्यंत किंवा गटारापर्यंत नेण्याचा खर्च याच्या तुलनेत किरकोळ आहे. आयआरसी हीच गोष्ट जाडीत न धरता अट म्हणून सांगते, आणि साइटवर पहिल्यांदा सुटते ती हीच अट.

अमेरिकेत २००४ च्या संशोधनातून पुढे आलेली यांत्रिक-अनुभवाधारित मार्गदर्शिका महिन्या-महिन्याचे तापमान, ओलावा आणि ॲक्सलचा पूर्ण वर्णपट घेऊन दर वर्षीचे तडे आणि चाकोऱ्या सांगते. तिला स्थानिक निरीक्षणांवर बसवून घ्यावे लागते. तसे केल्याशिवाय आपल्या रस्त्यावर तिचे उत्तर वापरू नये.

सहावी पायरी : काँक्रीट शेजारी ठेवा

आयआरसी:५८ ची विचारसरणी वेगळी आहे, म्हणून तिच्यात एमएसए थेट घालता येत नाही. तिला ॲक्सलचा वर्णपट लागतो: कोणत्या वजनाचे किती. सकाळी १० ते दुपारी ४ स्लॅबचा माथा तापतो, मध्य उचलला जाऊ पाहतो आणि चाकाच्या भाराखाली तळातून तडा जाऊ शकतो. मध्यरात्रीपासून सकाळी ६ पर्यंत कडा उचलतात आणि वरून तडा सुरू होतो. महाराष्ट्राच्या अंतर्भागात २५० मिमी स्लॅबच्या वरच्या-खालच्या तापमानातला फरक सुमारे २० अंश धरतात. दोन्ही प्रकारांतल्या थकव्याची बेरीज १ च्या आत राहिली पाहिजे. आयुष्य ३० वर्षे, काँक्रीट एम-४० (४० मेगापास्कल ताकदीचे), खाली डीएलसी (कमी सिमेंटचे कोरडे काँक्रीट) आणि मध्ये प्लास्टिकचा कागद.

इथे जड ॲक्सलची भीती किती आहे ते पाहा. स्लॅबमधला ताण तिच्या वाकण्याच्या ताकदीच्या ०.५ पट असेल तर ती सुमारे ७ लाख ६० हजार वेळा सोसते. तो ०.६ झाला तर फक्त ३१ हजार वेळा. ०.४५ च्या खाली असेल तर थकवा धरायचीच गरज नाही. म्हणून काँक्रीटमध्ये सरासरी वाहन बिनमहत्त्वाचे. सर्वांत जड शेकडा पाच ॲक्सल जाडी ठरवतात. अतिभार आवरता येत नसेल तर स्लॅब २० मिमीने जाड करणे हा त्यातला स्वस्त विमा आहे.

किंमत तोलताना दोन्ही पर्याय समान काळावर आणा. डांबरी रस्त्याला ३० वर्षांत येणारे वरचे थर, नूतनीकरण आणि खड्डे धरा. काँक्रीटला सांधे पुन्हा भरणे धरा. दर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या चालू दरसूचीचे. गावातून जाणारा, जिथे घरांचे पाणी रस्त्यावर येते आणि ट्रक हळू चालतात, तो तुकडा मी काँक्रीटचाच सुचवेन. मोकळ्या माळावर, निचरा चांगला असेल तर, डांबरी. काळी माती फुगून-बसून हलत असेल तर मात्र काँक्रीटचा मोह टाळा, आधी माती सुधारा. वाकलेला डांबरी रस्ता दुरुस्त होतो, मोडलेली स्लॅब उचलून टाकावी लागते.

लहान रस्त्यांसाठी वेगळी वाट

२ एमएसएपर्यंतच्या ग्रामीण रस्त्याला वरचा सगळा खटाटोप नको. आयआरसी:एसपी:७२ या ग्रामीण रस्त्यांच्या मार्गदर्शिकेची २०१५ ची आवृत्ती घ्या. वाहतुकीचे टी-१ ते टी-९ आणि मातीचे एस-१ ते एस-५ असे गट पाडून ती सरळ थर सांगते. आयुष्य १० वर्षे. गावातल्या काँक्रीटला आयआरसी:एसपी:६२. पण ग्रामीण रस्त्यावरून ऊस किंवा मुरूम जाणार असेल तर एमएसए मोजून पाहा. २ ची मर्यादा सहज ओलांडली जाते आणि मग तक्ता लागू राहत नाही.

अहवालात काय असावे

एका पानावर चारही उत्तरे मांडा: २००१ चे डांबर ११५, २०१८ चे १५०, आशटोचे १६५ मिमी, आणि काँक्रीट. त्याखाली व्हीडीएफ, सीबीआर आणि निचरा बदलल्यावर आलेले आकडे. तपासणाऱ्या अभियंत्याने हे पान मागितलेच पाहिजे. जिथे १५० आणि १६५ मध्ये निवड करायची आहे तिथे मी मोजलेल्या ॲक्सलवर १५० घेईन, आणि अंदाजाच्या व्हीडीएफवर १६५.

मग साइटवर तीन तपासण्या लेखी ठेवा. सबग्रेडची घनता कमाल घनतेच्या ९७ टक्के, आणि मुरमाचा सीबीआर त्याच घनतेला व ओलाव्याला काढलेला. डीबीएममधील हवेचे प्रमाण कोअर काढून. आणि जीएसबी दोन्ही बाजूंना उघडी दिसते का, हे मातीची साइडपट्टी भरण्याआधी, फोटोसह.